टाकीतलं पाणी श्वासात जातं

शिकागोच्या थंडीत घरात बसल्या-बसल्या ओठ का फुटतात, नाकातून रक्त का येतं, दाराच्या मुठीला हात लावताच झटका का बसतो, याचं उत्तर एका साध्या हिशोबात आहे. बाहेर उणे १० अंश असताना एक घनमीटर हवेत जेमतेम दोन-सव्वादोन ग्रॅम वाफ मावते. तीच हवा घरात येऊन २१ अंशांपर्यंत तापली की तिच्यात १८ ग्रॅम मावू शकते. वाफ मात्र तेवढीच असते, म्हणून घरातली आर्द्रता १२ टक्क्यांच्या आसपास येते. ही हवा मुंबईहून आलेल्या माणसाला सोसत नाही आणि मिरजेहून आणलेल्या तंबोऱ्यालाही सोसत नाही. आमच्या तंबोऱ्याच्या तबलीला पहिल्याच हिवाळ्यात चीर गेली.

पुढच्या थंडीत सासूबाई आमच्याकडे राहायला येणार होत्या, म्हणून घरात ह्युमिडिफायर आला. अल्ट्रासॉनिक, म्हणजे आवाज न करणारा, वीजही कमी खाणारा. त्यातली छोटी चकती सेकंदाला दहा लाखांहून अधिक वेळा थरथरते आणि पाण्याचे बारीक तुषार हवेत उडवते. दिसायला फार सुरेख. सासूबाईंचा घसा दोन दिवसांत सुधारला. मग त्या रोज देव्हारा पुसताना विचारू लागल्या, “अगं, खिडक्या बंद असताना ही पांढरी धूळ येते कुठून?” काळ्या टीव्हीवर बोटानं रेघ ओढता येईल इतकी ती पूड साचायची.

आमच्या भागात विहिरीचं जड पाणी येतं. पाण्याची खरी वाफ झाली तर क्षार मागे राहतात. अल्ट्रासॉनिक यंत्र वाफ करत नाही, ते पाणीच उडवतं, क्षारांसकट आणि जंतूंसकट. देव्हाऱ्यावर बसत होते ते नळाच्या पाण्यातले क्षार होते, आणि जे देव्हाऱ्यावर बसत होतं तेच सासूबाईंच्या छातीत जात होतं.

मग खोकला सुरू झाला. संध्याकाळी अंग कणकणायचं, जिना चढताना धाप लागायची. थंडी बाधली असं सगळे म्हणाले. त्या काही दिवस नणंदेकडे राहायला गेल्या तर खोकला जवळजवळ थांबला आणि परत आल्यावर पुन्हा उसळला. डॉक्टरांनी नेमका हाच धागा पकडला. घरात नवीन काय आलंय, असं त्यांनी विचारलं आणि यंत्र त्याच दिवशी बंद करायला लावलं. टाकी वरून स्वच्छ दिसत होती. ती उचलून खालच्या खोबणीत बोट फिरवलं तेव्हा नखाला गुलाबीसर, बुळबुळीत थर लागला. चकतीभोवती क्षारांचं खरखरीत कडं जमलं होतं. टाकीचं तोंड इतकं अरुंद की आत हात जाईना. यंत्र बंद झाल्यावर सासूबाई हळूहळू बऱ्या झाल्या. दूषित तुषारांमुळे फुफ्फुसांना सूज येऊ शकते आणि ती साध्या सर्दी-तापासारखी भासते, हे डॉक्टरांनी समजावलं तेव्हा आम्हाला कळलं.

म्हणून कोणी विचारलं की माझं पहिलं सांगणं असतं, आधी आर्द्रता मोजणारा हायग्रोमीटर घ्या. फार महाग नसतो. आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांत असली की पुरे. ती त्याहून फार वाढली तर बुरशी आणि धुळीतले सूक्ष्म किडे माजतात. खिडकीच्या काचेवर आतून पाणी साचू लागलं तर यंत्र कमी करा. मुंबईत किंवा कोकणात राहणाऱ्यांनी केवळ शोभेसाठी हे यंत्र घेऊ नये, तिथल्या हवेत आधीच ओल पुरेशी असते.

यंत्र निवडताना झाकण उघडून टाकीत मूठ घालून बघा. मूठ कोपऱ्यापर्यंत पोचत नसेल तर ते यंत्र घेऊ नका. माझ्या लेखी याहून मोठी कसोटी नाही. आता आमच्याकडे ओल्या जाळीतून पंख्यानं हवा खेचणारा ह्युमिडिफायर आहे. त्याचा थोडा आवाज होतो, जाळी वेळच्या वेळी बदलावी लागते, पण क्षार जाळीतच अडकतात. पाणी उकळून वाफ सोडणारी यंत्रं जंतूंच्या बाबतीत चांगली, मात्र लहान मूल असेल तिथे नकोत. उकळतं पाणी अंगावर सांडलं तर काय होतं, हे सांगायला नको. अल्ट्रासॉनिकच हवा असेल तर डिस्टिल्ड पाणीच वापरा. ते दिवसाला गॅलनभर लागू शकतं, तो खर्च आधी धरा. नळाचं पाणी उकळून घातल्यानं भागत नाही: जंतू मरतात, क्षार तसेच राहतात. घरातल्या सॉफ्टनरचं पाणीही चालत नाही, त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम येतो एवढंच.

रोज उरलेलं पाणी ओता, टाकी पुसून कोरडी करा, मगच ताजं भरा. दर तिसऱ्या दिवशी प्लग काढून यंत्र नीट घासा. क्षारांसाठी पांढरं व्हिनेगर, जंतूंसाठी ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड, पण एकानंतर एक, मधे भरपूर पाण्यानं धुऊन. व्हिनेगर आणि ब्लीच चुकूनही एकत्र करू नका, त्यातून क्लोरिन वायू निघतो. हंगाम संपला की जाळी फेका आणि यंत्र खडखडीत वाळवून ठेवा.

आणि टाकीत पाण्याशिवाय काही घालू नका. निलगिरीचं तेल नको, सुवास नको, जंतुनाशक तर मुळीच नको. दक्षिण कोरियात ह्युमिडिफायरच्या पाण्यात घालायचं जंतुनाशक १९९४ पासून सर्रास विकलं जात होतं. आपल्या घरच्यांची हवा स्वच्छ राहावी, याच मायेनं लोक ते घालत. २०११ मध्ये सोलमधल्या एका रुग्णालयात गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बायका फुफ्फुसं निकामी होऊन येऊ लागल्या, तेव्हा कारण सापडलं आणि विक्री थांबली. तोवर कित्येक लहान मुलांचा जीव गेला होता. पुसायला चालणारं रसायन तुषारांतून छातीत गेलं की काय करतं, हे त्या देशानं फार मोठी किंमत देऊन शिकवलं.

या थंडीत आई-वडिलांना अमेरिकेत बोलावणार असाल, आणि त्यांचा खोकला घरात वाढतो, बाहेर राहिलं की कमी होतो असं दिसलं, तर काढा देत थांबू नका. यंत्र बंद करा आणि डॉक्टरांना ह्युमिडिफायरबद्दल आपणहून सांगा.