मंडळीत बसून वाच

मनीषनगर, नागपूर

चि. बाळास,


तुझा लांबलचक मेसेज मी तीनदा वाचला. फोनवर बोलले असते तर माझा आवाज चढला असता, म्हणून पत्र लिहायला बसले. सावकाश वाच. उत्तराची घाई करू नकोस.

तू लिहितोस की आता तू कुठल्याच पंथाचा नाहीस, फक्त ख्रिस्ताचा आहेस. बायबल सोडून दुसरं काही प्रमाण मानणार नाहीस. लहानपणी झालेला बाप्तिस्मा शास्त्रात बसत नाही, म्हणून पुन्हा घेणार आहेस. आणि नाताळला घरी येशील, पण आमच्याबरोबर चर्चला येणार नाहीस, कारण तिथं माणसांच्या परंपरा आहेत.

पहिली गोष्ट आधीच सांगते. शास्त्र हेच शेवटचं प्रमाण, हे मलाही मान्य आहे. तुझ्या आजोबांनाही होतं. बिशप काय म्हणाले यापेक्षा पवित्र शास्त्रात काय लिहिलंय, हे ते आधी बघायचे. तेव्हा तू घर सोडून कुठं परक्या गावी गेलास असं मला वाटत नाही. मला काळजी आहे ती वेगळीच.

मे महिन्यात तू आला होतास तेव्हा मला बेसा रोडवरच्या त्या हॉलमध्ये घेऊन गेलास, आठवतं? खाली हार्डवेअरचं दुकान, वर प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात कीबोर्ड, आणि उन्हानं तापलेला स्लॅब. मला तिथलं खूप काही आवडलं. प्रत्येकाच्या मांडीवर उघडं शास्त्र होतं. अध्याय सांगितला की पानांची सळसळ व्हायची. आमच्या चर्चमध्ये हल्ली ती ऐकू येत नाही, आणि याचं मला वाईट वाटतं.

पण त्या दिवशी मागच्या रांगेतल्या एका मुलीनं प्रश्न विचारला. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात पौल प्रार्थना करणाऱ्या, संदेश देणाऱ्या स्त्रियांविषयी बोलतो, आणि चौदाव्यात स्त्रियांनी मंडळीत गप्प बसावं म्हणतो. एकाच पत्रात दोन्ही कसं? किती चांगला प्रश्न! व्यासपीठावरच्या भावांनी काय केलं? शास्त्र याबद्दल स्पष्ट आहे, म्हणाले, आणि पुढच्या वचनाकडे वळले. मुलगी खाली बसली. तिनं पेन्सिलीनं वहीत काहीतरी लिहिलं आणि वही मिटली.

बाळा, माझी काळजी त्या मिटलेल्या वहीत आहे. बिशप नको, परंपरा नको, मतांगीकार म्हणजे चर्चनं ठरवलेली विश्वासाची कबुली नको, फक्त शास्त्र हवं, असं म्हटल्यावर सगळा अधिकार शास्त्राकडे जातो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तो पुष्कळदा ‘शास्त्र स्पष्ट आहे’ असं म्हणणाऱ्या माणसाच्या हातात जातो. आणि त्या माणसाला जाब विचारायला वर कोणी नसतं, खालीही कोणी नसतं. प्रेषितांच्या कृत्यांत बिरुयाचे लोक आहेत बघ, सतराव्या अध्यायात. खुद्द पौल सांगतोय, तरी ते रोज शास्त्र उघडून पडताळून बघत होते. आणि त्याबद्दल त्यांची तारीफच केलेली आहे. त्या मुलीनं त्याहून वेगळं काय केलं होतं?

तू म्हणशील, आत्या, चार चुकीच्या माणसांवरून सगळ्यांना मोजू नकोस. नाही मोजत. मी तुला एका चांगल्या, प्रामाणिक प्रयत्नाची गोष्ट सांगते. अमेरिकेत 1809 साली थॉमस कॅम्पबेल नावाच्या प्रेस्बिटेरियन पाळकानं एक निवेदन लिहिलं. ख्रिस्ती लोकांचे इतके तुकडे होणं हे पाप आहे, सगळे मतांगीकार बाजूला ठेवू, नवा करार तेवढा धरू, म्हणजे आपण एक होऊ. तुझ्या मेसेजमध्ये हेच आहे, दोनशे वर्षांनंतर. शास्त्र जिथं बोलत नाही तिथं आपणही काही लादायचं नाही, असा त्या लोकांचा नेम होता. मग प्रश्न आला उपासनेत वाद्य वाजवण्याचा. नव्या करारात वाद्याबद्दल आज्ञा नाही, मनाईही नाही. एक म्हणाले, सांगितलं नाही म्हणजे चालत नाही. दुसरे म्हणाले, मना केलं नाही म्हणजे चालतं. मिशनरी संस्था काढाव्यात की नाही यावरही तसाच वाद झाला. 1906 च्या अमेरिकन धार्मिक गणनेत त्यांची दोन वेगळी नावं लागली. पंथ मोडायला निघालेल्यांचे दोन पंथ झाले. तुमच्या हॉलमध्ये कीबोर्ड वाजत होता तेव्हा माझ्या मनात हेच चाललं होतं.

मी त्यांना नावं ठेवत नाही. त्यातलीच एक शाखा, डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट, 1882 मध्ये हिंदुस्थानात आली. हरदा, बिलासपूर, मुंगेली, दमोह, हे आपल्या जुन्या मध्य प्रांतातलंच सगळं. शाळा काढल्या, दवाखाने चालवले. आणि ती नागपूरला येऊन काय करती झाली, ते आजोबांनी तुला सांगितलंच असेल. 29 नोव्हेंबर 1970. सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात सहा मंडळ्यांनी आपापली नावं खाली ठेवली आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. अँग्लिकन होते, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनलची आधीच एक झालेली मंडळी होती, बॅप्टिस्ट होते, ब्रदरन होते, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन परंपरेतले मेथॉडिस्ट होते, आणि हे डिसायपल्स. आजोबा सायकलवरून गेले होते. माणसं रडत होती, असं ते सांगायचे, आणि सांगताना स्वतःचेही डोळे पुसायचे.

या एका दिवसासाठी बोलणी कधीपासून चालली होती माहीत आहे? 1929 पासून. एक्केचाळीस वर्षं! सगळ्यात अवघड गाठ होती ती तुझ्याच प्रश्नाची, बाप्तिस्म्याची. बॅप्टिस्ट म्हणत, विश्वास ठेवणाऱ्यालाच द्यावा. अँग्लिकन म्हणत, मुलांनाही द्यावा. दोघांच्याही हातात शास्त्र होतं, दोघंही त्यातूनच बोलत होते. कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात लुदियेच्या घरच्यांचा बाप्तिस्मा झाला, तुरुंगाच्या अधिकाऱ्याच्या घरच्यांचा झाला. घरात तान्ही मुलं होती की नव्हती, लूक लिहीत नाही. तिथं दोन प्रामाणिक माणसं दोन बाजूंना जाऊ शकतात. शेवटी दोन्ही पद्धती एकाच मंडळीत ठेवायचं ठरलं. काही जण बाहेर राहिले. मेथॉडिस्टांची मोठी मंडळी ऐन वेळी मागे फिरली. तरी जे आले त्यांनी शास्त्र सोडून एकी विकत घेतली, असं म्हणू नकोस. समोरच्यालाही शास्त्र कळतं, एवढं त्यांनी मानलं होतं.

तुझा बाप्तिस्मा झाला तेव्हा तू सव्वा महिन्याचा होतास. पाणी पडल्याबरोबर मोठ्यानं रडलास. मी तुला धरलं होतं. तुझ्या वतीनं आम्ही जे वचन दिलं ते आम्ही कसं पाळलं, याचा जाब तू आम्हाला विचार. तो तुझा हक्क आहे. पण ते काही घडलंच नाही, असं ठरवण्याआधी जरा थांब.

आता पंडिता रमाबाईंबद्दल. तू त्यांचं नाव मेसेजमध्ये घेतलंस, म्हणून लिहिते. बरोबर आहे, 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि लगेच तिथल्या सिस्टर जेराल्डिनशी त्यांचे पत्रांतून खटके उडू लागले. पुरोहित सांगतो म्हणून मानायचं, हे जोखड मी एकदा टाकलंय, आता दुसऱ्या पुरोहिताचं घेणार नाही, असा त्यांचा बाणा होता. केडगावच्या मुक्ती मिशनला त्यांनी कुठल्याही पंथाचं लेबल लावलं नाही. पण पुढचं बघ. शास्त्र प्रमाण मानायचं तर ते मुळातून कळलं पाहिजे, म्हणून चाळिशी उलटल्यावर त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खेड्यातल्या बाईला समजेल अशा सोप्या मराठीत सबंध बायबल उतरवलं. मुक्तीतल्या बायकांनी खिळे जुळवले, छापलं. रमाबाई 1922 मध्ये गेल्या. पूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर आलं. ‘फक्त शास्त्र’ याची किंमत त्यांनी अशी मोजली. प्रश्न विचारणाऱ्या बाईला त्यांनी खाली बसवलं नाही, तिच्या हातात छापखाना दिला.

आणि आपले रेव्हरंड नारायण वामन टिळक. नागपूरहून राजनांदगावला निघालेल्या आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांच्या हातात नवा करार ठेवला. मध्ये ना चर्च, ना पाळक. एक माणूस आणि एक पुस्तक. तुला ही गोष्ट प्रिय आहे, मलाही आहे. 1895 मध्ये बाप्तिस्मा, मग वीसेक वर्षं अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम, आणि 1917 मध्ये मिशन सोडून देवाचा दरबार. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताचे सगळे शिष्य एकत्र बसतील असं घर त्यांना हवं होतं. दोनच वर्षांत ते गेले आणि त्यांच्या माघारी दरबार फार टिकला नाही. पण लक्षात घे, मिशनचं छप्पर सोडल्यावर ते एकटे बसले नाहीत. दरबारच भरवायला निघाले!

करिंथच्या मंडळीत कोणी स्वतःला पौलाचा म्हणवत होता, कोणी अपुल्लोसाचा, कोणी केफाचा, आणि कोणी म्हणत होता, मी ख्रिस्ताचा. पौल त्या चौथ्यालाही याच यादीत घालतो. पहिलाच अध्याय आहे, काढून बघ. ‘मी फक्त ख्रिस्ताचा’ हे सुद्धा दुसऱ्याला बाहेर काढण्यासाठी वापरता येतं, आणि मग त्याचाही गट होतो. तू नाताळला आमच्या शेजारी बसणार नाहीस, हे वाचलं तेव्हा मला तोच अध्याय आठवला.

आपल्या मराठी शास्त्रात चर्चसाठी शब्द कोणता आहे? मंडळी. आपण घरात रोज म्हणतो, मंडळी आली का, मंडळी जेवली का. त्यात इमारत नाही, पंथ नाही, एकटा माणूसही नाही. माझं मागणं एवढंच की शास्त्र मंडळीत बसून वाच. तुझ्यासारखाच विचार करणाऱ्यांत वाच, न करणाऱ्यांतही वाच. सुटं वचन काढून वाचू नकोस, सबंध पत्र वाच. दोन भाषांतरं शेजारी ठेव. आणि जो तुला प्रश्न विचारू देत नाही, तो कितीही गोड प्रार्थना करत असला तरी त्याच्या हाती आपला विवेक देऊ नकोस. हे मी आमच्या चर्चबद्दलही म्हणते. तरुणपणी एका पाळकाला मी मंडळीच्या हिशोबाबद्दल विचारलं, तर त्यांनी अधिकाऱ्यांच्या अधीन राहण्याचं वचन मला तोंडावर वाचून दाखवलं होतं. मी वर्षभर प्रभुभोजनाला गेले नाही. मला परत आणलं ते तुझ्या आजीनं, काही न बोलता. दर रविवारी माझी साडी इस्त्री करून खुर्चीवर ठेवायची.

आजीला आता अक्षरं दिसत नाहीत. काल विचारत होती, ‘पोरगं काहून फोन करत नाही?’ तू तिला रुथची गोष्ट वाचून दाखवायचास, तेव्हापासून तिला दुसऱ्या कोणाचा आवाज चालत नाही.

एक केलंय, रागावू नकोस. ती हॉलमधली मुलगी मला परवा उड्डाणपुलाखालच्या भाजीवालीकडे भेटली. मी तिला घरी बोलावलंय. दर गुरुवारी रात्री साडेआठ वाजता आमच्या हॉलमध्ये करिंथकरांस पहिलं पत्र पहिल्या ओळीपासून वाचायचं, तिचा प्रश्न येईपर्यंत, आणि आल्यावर टाळायचा नाही. समोरच्या फ्लॅटमधल्या केरळच्या बाई येणार आहेत, त्या रोमन कॅथलिक आहेत. आजी तिच्या खुर्चीत असेलच. तू पुण्याहून फोनवर ये. रमाबाईंच्या भाषांतराची आजोबांची प्रत मी कुरियरनं पाठवतेय. बांधणी सैल झालीय, जपून उघड. पहिल्या अध्यायाच्या समासात त्यांनी पेन्सिलीनं काही लिहून ठेवलंय, मला आता नीट वाचता येत नाही. तुला लागलं तर गुरुवारी आम्हाला वाचून दाखव.

तुझी,
आत्या