समुद्रात गोडं पाणी

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मामाबरोबर मालवणला गेलो. मालवण हे अरबी समुद्राच्या काठी आहे. समोर पाण्यात सिंधुदुर्ग किल्ला दिसतो. शिवाजी महाराजांनी तो १६६४ साली कुरटे बेटावर बांधायला घेतला. पायाचे दगड शिसे ओतून बसवले. होडीतून जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसतच नाही!

किल्ल्यात तीन विहिरी आहेत. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. बाव म्हणजे विहीर. चारी बाजूंनी खारट समुद्र आणि विहिरीत गोडं पाणी. आई बराच वेळ आत वाकून बघत होती. आपल्याकडं उन्हाळ्यात टँकर येतो, तिला घागरी घेऊन पळावं लागतं. गुरुजी म्हणाले, पावसाचं पाणी बेटाच्या जमिनीत मुरतं, तेच विहिरीत येतं. तिकडं पाऊसही आपल्यापेक्षा जास्त पडतो.

किनाऱ्यावर मच्छीमार रापण ओढत होते. रापण म्हणजे लई लांब जाळं. होडीनं ते समुद्रात टाकतात आणि दोन्ही टोकं काठावरून ओढतात. मासळी सगळे वाटून घेतात. मीपण दोर धरला, हात सोलले. मांजरं आधीच येऊन बसली होती.

जवळच तारकर्ली आणि देवबाग आहे. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात, म्हणून दिवाळीनंतर जावे.

इयत्ता ४ थी