दारूखान्याने शिकवलेलं

१. भरती कुणाचं ऐकत नाही. मुंबईत रे रोड स्टेशनात उतरून दारूखान्यात गेलं की भंगारात निघालेली जहाजं दिसतात. मोठं जहाज किनाऱ्याला ओढून घ्यायचं तर अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराचं उधाण लागतं. भांगाच्या भरतीला तेवढं पाणी चढत नाही. इकडे व्याज चालू, शेठचे फोन चालू, मजूर बसून. पाणी मात्र त्याच्याच वेळेला येणार, रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा. इथल्या पेढीवर हिशेब लिहिण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. अशा दिवसांत माझ्या पोटात गोळा यायचा आणि जुने मुकादम शांतपणे वायररोप तपासत, विंचला ग्रीस भरत. त्यांचं पाहूनच मी थांबायला शिकलो.

२. 'मी कोण' हा प्रश्न मला विक्रांतने घातला. १९६१ साली नौदलात आलेली, १९७१चं युद्ध लढलेली ती विमानवाहू नौका २०१४ मध्ये याच किनाऱ्यावर तोडायला आली. पत्र्यामागून पत्रा उतरत गेला. नेमका कुठला पत्रा निघाला तेव्हा विक्रांत संपली? थोडं लोखंड बजाजच्या मोटरसायकलीत गेलं, नाव २०२२ साली कोचीत नौदलात आलेल्या नव्या नौकेला मिळालं. मग मीही हुद्दा, पगार, आडनाव, लोकांचं माझ्याबद्दलचं मत असं एकेक काढून पाहू लागलो. उरतो तो कोण, ते अजून उमगलेलं नाही. मानापमानाचा जाच मात्र पुष्कळ कमी झाला.

३. 'मी कोण' हे विचारायला हिमालय गाठावा लागत नाही. निसर्गदत्त महाराज खेतवाडीत विडीचं दुकान चालवत आणि घराच्या पोटमाळ्यावर आलेल्यांना याच प्रश्नाकडे वळवत.

४. समोरच्या क्षणात राहणं मी गॅसकटरवाल्यांकडून शिकलो. ज्योत टेकते त्या बोटभर जागेवर त्यांची नजर असते. लोखंड लाल झालं की ऑक्सिजन सोडायचा, ठिणग्यांचा फवारा उडतो, आणि पत्रा सुटायच्या आत पाय मागे घ्यायचा. तिथे कालचं भांडण किंवा उद्याचा हप्ता डोक्यात ठेवून चालत नाही.

५. 'सगळं त्याच्या हातात' असं म्हणणाऱ्या मालकांची मला चीड येते. भरती आपल्या हातात नाही, कबूल. पण तेलाच्या टाकीत वायू साठलाय का, हे तपासणं पूर्णपणे आपल्या हातात आहे, आणि ते चुकलं तर एक ठिणगी पुरते. पेढीवाल्यांनो, वायुतपासणीचा दाखला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कुणालाही टाकीत उतरवू नका.