गिटार वाजवणाऱ्याला काय द्यावे

गिटार वाजवणाऱ्यासाठी भेट घेताना आधी त्याच्याकडची गिटार कोणत्या जातीची आहे ते पाहावे. नायलॉनच्या तारांची क्लासिकल, स्टीलच्या तारांची अकूस्टिक, इलेक्ट्रिक आणि आडवी धरून सळईने वाजवायची हवाईयन या चारींचे सामान वेगवेगळे असते. क्लासिकल ओळखणे सोपे आहे: तिच्या बारीक तीन तारा मासे पकडायच्या दोरीसारख्या गुळगुळीत असतात.

सर्वांत महागात पडणारी चूक तारांची. स्टीलच्या सहा तारा मिळून साधारण ७० किलोचा ताण देतात, तर नायलॉनच्या ४० च्या आसपास. हौसेने आणलेला स्टीलचा संच क्लासिकलवर चढवला, की काही आठवड्यांत तारा अडकवलेला खालचा ब्रिज पोटावरून सुटू लागतो किंवा मान वाकते. मग भेटीपेक्षा दुरुस्तीचाच खर्च जास्त होतो. अकूस्टिकला सहसा ०.०१२ इंच जाडीच्या पहिल्या तारेचा संच लागतो; नवशिक्याची बोटे सोलून निघत असतील, तर ०.०१० चा बरा. इलेक्ट्रिकला बहुधा ०.००९ किंवा ०.०१०. वाजवणारा सध्या कोणता संच वापरतो ते रिकाम्या पाकिटावर छापलेले असते. ते पाकीट गुपचूप पाहून ठेवावे आणि तसेच दोन-तीन संच द्यावेत. अशी भेट वाया जात नाही, कारण तारा झिजतात आणि तुटतात.

पुणे जिल्ह्यातल्या निमगाव सावासारख्या गावात तारांच्या भेटीचे मोल अधिकच. जवळचे नारायणगाव हे तमाशाचे, तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांचे गाव. ढोलकीची शाई आणि तुणतुण्याची तार यांची जाण या भागात मुरलेली आहे. गिटारची नेमकी तार मात्र हवी तेव्हा हाताशी मिळेलच असे नाही. पुणे गाठा, नाहीतर कुरियरची वाट पाहा. तोवर पाच तारांवर भागवायचे.

कॅपो ही दुसरी लोकप्रिय भेट. मानेवर चिमट्यासारखी बसवून सूर वर नेणारी ही वस्तू क्लासिकलच्या रुंद, सपाट पट्टीसाठी वेगळी आणि अकूस्टिकच्या किंचित गोलसर पट्टीसाठी वेगळी मिळते. चुकीची घेतली तर कडेच्या तारा खरखरतात. हवाईयनवाल्याला तिचा काहीच उपयोग नाही. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या १९६७ च्या ध्वनिमुद्रिकेत ब्रिजभूषण काबरा वाजवतात ती याच घराण्यातली गिटार. असा वादक घरात असेल तर चांगल्या वजनाची सळई किंवा बोटात घालायच्या नख्या द्याव्यात. अकूस्टिक आणि इलेक्ट्रिकवाल्यांसाठी प्लेक्ट्रम, म्हणजे पिक. अर्ध्या मिलिमीटरपासून एक मिलिमीटरपर्यंत निरनिराळ्या जाडीचे मूठभर पिक घेतले तरी खर्च किरकोळ होतो, आणि ते हरवतातही फार.

सूर जुळवायला चिमट्याचा ट्यूनर उत्तम. मोबाइलवरचे ॲप शांत खोलीत चालते. घरात मिक्सर किंवा अंगणात ट्रॅक्टर सुरू असला की गोंधळते. चिमट्याचा ट्यूनर लाकडाच्या कंपनावर चालतो. त्याच्यासोबत सेलही द्यावेत (बहुतेकांना सीआर २०३२ हा बटण सेल लागतो), कारण नेमका कार्यक्रमाच्या संध्याकाळीच सेल संपतो.

पिशवीकडे लोक दुर्लक्ष करतात, ते बरोबर नाही. क्लासला एसटीने जाणाऱ्या मुलाला कडक पेटी गैरसोयीची. तिला गर्दीत जागा कोण देणार? जाड फोमची, पाठीवर दोन पट्ट्यांनी अडकवायची आणि वर पावसाळी आवरण असलेली पिशवी द्यावी. पावसात लाकूड ओलावा धरून फुगते, तारा गंजतात. उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखाली किंवा बंद गाडीत सरस मऊ पडतो. सिलिका जेलच्या पुड्या आणि तारा पुसायला सुती फडके या स्वस्त वस्तू त्यामुळेच मोलाच्या.

गिटारचे चित्र असलेले मग, किल्लीचे जुडगे, भिंतीवरचे घड्याळ या वस्तू वादनाच्या कामाच्या नाहीत. एखादे द्यायला हरकत नाही, पण ते घरात आधीच असण्याची शक्यता मोठी.

नवी गिटार मात्र गुपचूप आणू नये. मानेची जाडी, तारांची पट्टीपासूनची उंची, डावखुरेपणा हे वाजवणाऱ्याच्या हातानेच ठरते. आठ-दहा वर्षांच्या मुलाला पूर्ण मापाची गिटार कवेत मावतही नाही. वाजवणाऱ्यालाच दुकानात न्यावे, बसून वाजवू द्यावे आणि शिकवणारे सर सोबत आले तर उत्तमच. ते जमत नसेल तर क्लासची काही महिन्यांची फी भरावी. गिटार ऑनलाइन मागवायचीच असेल, तर परत करण्याची मुदत भेट दिल्यानंतर संपेल एवढे पाहावे आणि खोके तोवर फेकू नये.