जपानी दुकानांतील दारुमा

१८५४ सालीं अमेरिकेशीं तह झाल्यावर जपानचीं दारें परकीय व्यापारास उघडूं लागलीं. पुढें १८७५ मध्यें आर्थर लिबर्टी या गृहस्थानें लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर एक लहानसें दुकान थाटलें. भांडवल उसनवारीचें, नोकर अवघे तीन. माल जपानांतून व इतर पौर्वात्य देशांतून आलेला. तें दुकान पुढें नांवारूपास आलें. जपानी धर्तीच्या भेटवस्तूंचीं लहान दुकानें आज जगांतील अनेक शहरांत आढळतात. अशा दुकानांत जाण्याचा योग आला, तर वस्तूच्या किमतीपूर्वीं तिची हकीकत विचारावी.

दाराशींच एक पंजा उंचावलेलें मांजर बसलेलें असतें. तें निरोप देत आहे अशी युरोपियन पाहुण्याची समजूत होते. वास्तविक तळवा समोर ठेवून बोटें खालीं हालविणें ही जपानांत बोलावण्याची खूण होय. आपणहि ‘इकडे ये’ म्हणतांना हात असाच हालवितों, तेव्हां मराठी मुलास त्या मांजराची भाषा कोणी शिकवावयास नको. पलीकडे फुरोशिकि नांवाचीं चौकोनी फडकीं दिसतात. भेट त्यांत बांधून न्यावयाची. आपल्या गांठोड्याचेंच तें देखणें भावंड.

परंतु खरें थांबावें तें दारुमापाशीं. हा कागदाच्या लगद्याचा, गोल, तांबडा, हातपाय नसलेला बाहुला. बूड जड असल्यामुळें कितीहि लोटला तरी पुन्हां उभा राहतो. ‘दारुमा’ हें आपल्या ‘धर्म’ शब्दाचेंच रूप असून, भारतांतून चीनमध्यें गेलेल्या बोधिधर्म या बौद्ध भिक्षूची ही मूर्ति आहे. भिंतीकडे तोंड करून तो नऊ वर्षें ध्यानस्थ बसला व त्याचे हातपाय झडले, अशी आख्यायिका आहे.

बाहुल्याचे डोळे कोरे असतात. मनांत संकल्प करून एक डोळा रंगवावयाचा. कार्य सिद्धीस गेल्यावर दुसरा. परीक्षेस बसणारे विद्यार्थी हा बाहुला घेतात, आणि निवडणुकीस उभे राहिलेले उमेदवारहि घेतात!

जपानांतील बहुतेक दारुमा ताकासाकी या गांवीं होतात. १७८३ सालीं जवळच्या आसामा पर्वताचा ज्वालामुखी भडकला. त्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. तेथील शोरिन्झान् मंदिराच्या परंपरेप्रमाणें, तोगाकु नांवाच्या धर्मगुरूंनीं लांकडी साचे करून हे बाहुले घडविण्याची कला उपाशी शेतकऱ्यांस शिकविली. त्यांनीं नुसती भीक घातली नाहीं, धंदा दिला. दुकानांत खेळणें म्हणून दिसणाऱ्या या वस्तूमागें इतकी भूक आहे! आजहि कारागीर कुंचल्यानें भुवयांत करकोचा व दाढीमिशांत कांसव सुचवितात. दोन्ही दीर्घायुष्याचीं चिन्हें.

दोन्ही डोळे आधींच रंगविलेले, यंत्रावर निघालेले स्वस्त दारुमाहि बाजारांत मिळतात. ते घेऊं नयेत असें आमचें मत आहे. घेणाऱ्याच्या वांट्याचें कामच त्यांत उरत नाहीं. मुलांच्या हातीं एक डोळ्याचा, अपुरा दारुमा दिसला, तर आईबापांनीं हंसूं नये.

वर्षअखेर झाली म्हणजे जुना दारुमा मंदिरांत परत नेतात. तेथें त्यास विधिपूर्वक अग्नि देतात व नवा विकत घेतात. त्यामुळें ताकासाकीच्या कारागिरांचे हात दरवर्षीं पुन्हां कामास लागतात.