लेकरू वसतिगृहात धाडताना

सूनबाई, नातवाची पोखरापूरच्या नवोदयला निवड झाली, चांगलं झालं. पण सहावीतलं लेकरू घर सोडतंय. मी स्वतः बोर्डिंगात वाढलोय, म्हणून तुम्हा दोघांना चार गोष्टी सांगतो.

‘शहाणा आहे, रडलासुद्धा नाही,’ असं त्याच्यादेखत म्हणू नका. न रडण्याचं कौतुक झालं की पोर रडू गिळायला शिकतं. मग दुखलं तरी सांगत नाही, हवं असलं तरी मागत नाही, आणि ही सवय पुढं संसारातही सुटत नाही. इंग्लंडमधल्या मानसोपचारतज्ज्ञ जॉय शॅव्हेरियन यांनी बोर्डिंगात वाढलेल्यांत मोठेपणी दिसणाऱ्या अशा खुणांवर २०१५ साली पुस्तकच लिहिलं.

सोडायला गेलात की ‘आलोच’ म्हणून सटकू नका. पुन्हा कधी भेटणार ते सांगा आणि तो दिवस पाळा.

कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्याच्या बोर्डिंगात त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पोरांच्या जेवणासाठी अंगावरचं सोनं मोडलं, मंगळसूत्रसुद्धा. त्या पोरांना तिथं आई मिळाली. तुम्हीही पहिल्याच भेटीत हेरून ठेवा, शाळेत मायेचं माणूस कोण आहे: मेसमधल्या मावशी, हाउसमास्तर की वरच्या वर्गातला पोरगा. त्यांच्याशी ओळख वाढवा.

फोनवर ‘करमतंय का?’ विचारलं तर ‘हो’ एवढंच येईल. ताटात काय होतं, शेजारच्या कॉटवर कोण, रात्री जाग आली तर काय करतोस, असं विचारा.

आषाढात माउलींची पालखी आपल्या वेळापूरला मुक्कामी येईल, तेव्हा तो इथं नसेल. वाईट वाटेल म्हणून लपवू नका. कोण आलं, काय रांधलं, सगळं सांगा. हुकल्याचं दुःख होईल, पण घरातून आपण वजा झालो हे दुःख त्याहून मोठं असतं.

त्याचं अंथरूण, कपाटातला खण दुसऱ्या कुणाला देऊ नका. सुट्टीत आला की आधी चिडेल, गप्प राहील. त्याला वेळ द्या. पाहुण्यासारखं वागवू नका, नेहमीची कामं सांगा.

नववीत काही मुलांना वर्षभर परराज्यातल्या नवोदयला पाठवतात. तेही आधीच त्याच्या कानावर घाला.

सारखं पोट दुखू लागलं, अंथरूण ओलं होऊ लागलं, एखाद्याचं नाव काढताच तो घाबरला, तर त्याच दिवशी जाऊन भेटा. मुलांच्या मदतीचा १०९८ हा नंबर त्याच्याकडून पाठ करून घ्या.

आणि ‘घरी यायचंय’ म्हणाला तर आधी सगळं ऐकून घ्या. परत आणावं लागलं, तर ‘तुला जमलं नाही’ हे शब्द या घरात कुणी काढायचे नाहीत. शाळा वेळापुरातही आहे.