गिअरबॉक्स स्लिप मारतोय!

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालेलं, त्यामुळे मराठी विभागासाठी लिहिताना व्हायवाला बसल्यासारखं वाटतंय. पण विषय मेकॅनिकलचा आहे, निम्मे शब्द आपण सगळे तसेच वापरतो, म्हणून धीर केला. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझ्या मामाचा डावा पाय लहानपणापासून पोलिओमुळे अधू आहे. क्लच दाबणं त्याला जमत नाही, म्हणून त्याने एक जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. नाशिकहून घोटीला शाळेत शिकवायला तो रोज तीच घेऊन जातो. गेल्या दिवाळीत मुंबईहून परतताना कसारा घाटात गाडी ओरडायला लागली. ॲक्सिलरेटर दाबला की टॅकोमीटरचा काटा भसकन वर, आणि गाडी मात्र रेंगाळतेय. मागे ट्रकची रांग, हॉर्नचा गजर! गॅरेजमध्ये निदान पाच मिनिटांत झालं. "गिअरबॉक्स गेला. उतरवून ओव्हरहॉल." आकडा पाऊण लाखाच्या पुढे. गाडीचीसुद्धा तेवढी किंमत आली नसती. मामी म्हणाली, "विकून टाकू." मामा काहीच बोलला नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

सुट्टी होती. मी सर्व्हिस मॅन्युअल घेऊन बसले.

आधी थोडी थिअरी. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. पुढे प्लॅनेटरी गिअर. त्यातला कुठला भाग फिरवायचा आणि कुठला धरून ठेवायचा हे क्लचच्या चकत्या आणि ब्रेक बँड ठरवतात, आणि त्यांना दाबून धरतं ते तेलाचं प्रेशर. ही कल्पना नवी नाही; १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबाइल गाड्यांत 'हायड्रा-मॅटिक' नावाने असा गिअरबॉक्स आला होता. रस्सीखेचीत हाताला घाम आला की दोर सरकतो ना, तसंच इथे होतं. पकड सैल झाली की इंजिन फिरतं, चाकापर्यंत जोर पोचत नाही. यालाच स्लिप म्हणायचं. (२०१४ पासून आपल्याकडे आलेल्या एएमटी गाड्यांची गोष्ट वेगळी. त्यात साधाच क्लच असतो, फक्त तो दाबायचं काम यंत्र करतं.)

म्हणजे गिअरबॉक्स उघडायच्या आधी तेल बघायचं. मामाच्या गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे इंजिन गरम, जमीन सपाट, लिव्हर प्रत्येक जागेवर एकदा फिरवून 'पी'मध्ये, आणि इंजिन चालू. काही कंपन्या इंजिन बंद करून मोजायला सांगतात, म्हणून आपापलं मॅन्युअल बघा. डिपस्टिक पांढऱ्या टिश्यू पेपरवर पुसली. चांगलं तेल तांबडं आणि पारदर्शक असतं. काळपट आणि करपल्याचा वास आला तर चकत्या जळल्या समजा. आमचं तपकिरी होतं, पण करपलेलं नव्हतं. आणि लेव्हल? खालच्या खुणेच्याही खाली!

इथे मला घाटाचं कोडं सुटलं. चढावर तेल पॅनच्या मागच्या बाजूला जातं. आधीच कमी असेल तर पंपाच्या तोंडाशी तेलाऐवजी हवा येते. तेलात फेस होतो, फेस दाबला जातो, प्रेशर पडतं. तेल गेलं कुठे तेही सापडलं: रेडिएटरकडे तेल थंड करायला नेणाऱ्या नळीचं रबर चिरलं होतं. नळी बदलली, मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच तेल घातलं. (कुणी इंजिन ऑइल सुचवलं तर नम्रपणे नकार द्या.)

गाडी सुधारली, पण पूर्ण नाही. मामा म्हणाला, "पहिला आणि तिसरा ठीक वाटतोय गं, दुसऱ्यात आणि चौथ्यात मात्र सरकते." हे वाक्य लाखमोलाचं होतं. मॅन्युअलमध्ये कुठल्या गिअरला काय धरलं जातं याचा तक्ता असतो. पहिल्यात फॉरवर्ड क्लच. दुसऱ्यात फॉरवर्ड क्लच आणि बँड. तिसऱ्यात फॉरवर्ड आणि हाय क्लच. चौथ्यात हाय क्लच आणि बँड. दुसरा आणि चौथा यांत सामाईक काय? फक्त बँड!

खात्रीसाठी घराजवळच्या मिस्त्रींबरोबर स्टॉल टेस्ट केली. चाकांना ओटे, दोन्ही ब्रेक घट्ट, लिव्हर 'डी'त, आणि पूर्ण ॲक्सिलरेटर, जास्तीत जास्त पाच सेकंद. मग न्यूट्रलमध्ये तेल थंड होऊ द्यायचं आणि तेच रिव्हर्समध्ये. आरपीएम ठरलेल्यापेक्षा जास्त गेले तर स्लिप. आमचे दोन्ही वेळा मर्यादेत आले, म्हणजे पंप, कन्व्हर्टर, फॉरवर्ड क्लच शाबूत. ही टेस्ट पहिल्या गिअरमध्ये होत असल्याने बँड त्यात सापडतच नाही, हे विसरू नका. आणि हॉस्टेलवाल्यांनो, मित्राच्या गाडीवर ही हौस नको, समोर कुणी उभं असताना तर नकोच.

पॅन उतरवला. चुंबकावर करडी पेस्ट होती. ती थोडी असतेच. धातूचे तुकडे असते तर आम्ही तिथेच थांबलो असतो. जाळी आणि तेल बदललं. या गाडीत बँडचा स्क्रू बाहेरून फिरवता येतो. लॉकनट सैल करायचा, स्क्रू टॉर्क रेंचने सांगितला तेवढा घट्ट करायचा, मग सांगितले तेवढे फेरे मागे घ्यायचा आणि धरून ठेवून नट आवळायचा. "धरून ठेवून" हे शब्द मी वाचले नव्हते. नटाबरोबर स्क्रूही फिरला, सगळं पहिल्यापासून! मिस्त्री हसले नाहीत, फक्त "मॅडम, परत" म्हणाले.

संध्याकाळी मामाने स्वतः गाडी काढली. दुसरा गिअर झटक्यात लागला. हायवेवर चौथाही. येताना तो बराच वेळ बोलत होता, बहुतेक शाळेबद्दल.

बँडचं अस्तर मात्र झिजलेलं आहे, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. स्क्रू आणखी एखाद्या वेळी साथ देईल, नंतर गिअरबॉक्स उतरवावाच लागेल. त्यासाठी तो आता दरमहा थोडे पैसे बाजूला टाकतो. आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी डिपस्टिक पुसलेल्या टिश्यू पेपरचा फोटो मला पाठवतो. मागच्या महिन्यातला डाग तांबडाच होता.